गच्ची, लाइट बिलं आणि सहा पानं : आमची वाटचाल

2012 ला आम्ही आर्किटेक्टचं ऑफिस उघडलं, म्हणजे पार्ल्याला माझ्या मामाच्या दुकानाचा पोटमाळा रिकामा पडला होता तो आम्हाला मिळाला. मी, माझा पार्टनर (कॉलेजपासूनचा मित्र, एकाच बॅचचे आम्ही) आणि एक सेकंडहँड प्लॉटर (मोठे नकाशे छापायचं मशीन), जो पावसाळ्यात दमट हवेने कागद ओढायचाच नाही. पहिली चार वर्षं किचनचे ओटे, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, एका डेंटिस्टचा दवाखाना, असली कामं. ग्रीन वगैरे शब्द आमच्या कोटेशनमध्ये नव्हतेच.

मग एक दिवस एका मासिकाचा फोन आला. मॅडम तुमच्या कामावर फीचर करायचंय, दोन पानं, फोटोसकट, आणि मग हळूच पॅकेज सांगितलं, जे आमच्या तेव्हाच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढं होतं. पार्टनर जवळजवळ तयार झाला होता, म्हणाला अगं लोक छापून आणतातच की. मला कॉलेजमधलं प्रोफेशनल प्रॅक्टिसचं लेक्चर आठवलं (एवढं एकच लेक्चर मी जागी राहून ऐकलं असावं). आर्किटेक्टसाठी 1989 ची वर्तनाची नियमावली आहे, तिच्यात साफ लिहिलंय की स्वतःची जाहिरात करायची नाही, कामाची माहिती आणि चित्रं छापून आली तर चालेल, पण त्यासाठी पैसे मोजायचे नाहीत. नाही म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, नियमापेक्षा खिसा रिकामा होता हे कारण मोठं होतं.

तर खरं मासिक, म्हणजे जिथे पैसे मागत नाहीत आणि संपादक उलट प्रश्न विचारतो, तिथे आम्ही पहिल्यांदा गेलो कर्जतचं घर घेऊन. ते घर आमचं लाडकं. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, जुन्या चाळी पाडल्यावर ओशिवऱ्याच्या बाजारात येतं तसलं सागवान घेऊन त्याच्या खिडक्या, मधोमध चौक. फोटो असे आले होते की आम्हीच बघत बसायचो. सोबतच्या मजकुरात निसर्गाशी संवाद, मातीशी नातं, सगळं घातलं होतं. संपादकांचं उत्तर तीन ओळींचं आलं. जांभा कुठून आणला? घरात वर्षातून किती दिवस माणसं राहतात? उरलेले दिवस पंप आणि बागेचे दिवे कशावर चालतात?

जांभा आणला होता रत्नागिरीकडून, तीनेकशे किलोमीटर ट्रकने. आणि कर्जतला पायाखाली काय आहे, तर काळा दगड, हवा तेवढा. घरात माणसं राहतात फार तर शनिवार-रविवार, तेही पावसाळ्यात जास्त. आम्ही उत्तरच दिलं नाही. मी आठवडाभर चिडले होते, घरी नवऱ्याला म्हणायचे यांना सौंदर्य कळत नाही, मग एका रात्री प्लॉटरसमोर बसल्या बसल्या वाटलं की विचारलं ते काही चूक नव्हतं.

मुलुंडची सोसायटी आमच्याकडे आली ती वेगळ्याच वाटेने. बिल्डिंग 1984 ची, तीस वर्षं उलटली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं, ते झालं आणि इंजिनिअरने रिपेअरची यादी दिली. त्यात गच्ची गळत होती आणि वरच्या मजल्यावरची चार घरं उन्हाळ्यात भट्टी व्हायची कारण गच्चीवर काळी डांबरी शीट अंथरलेली. सेक्रेटरी काकांना निळा पत्रा टाकून मोकळं व्हायचं होतं. "मॅडम, सगळे पत्राच टाकतात, तुम्ही कशाला डोकं लावताय?" आम्ही म्हटलं काका एकदा ऐका. शीट काढली, ढाळ नीट करून विटांच्या तुकड्यांचा कोबा केला आणि वर पांढरा चायना मोझॅक, जो आपल्या जुन्या बिल्डिंगांच्या गच्चीवर असायचाच आणि मधल्या काळात लोक विसरले. पांढरे टाइलचे तुकडे दुकानांतून फुटका माल म्हणून उचलले. दोन बायका आणि एक मिस्त्री, तुकडा तुकडा हाताने लावून थापीने बसवत, अख्खा एप्रिल. नवीन असं त्यात काहीच नाही. पांढरं ऊन परतवतं, काळं पितं, बस.

आणि मग माती खाल्लीच. पश्चिमेच्या भिंतीला हौसेने चुन्याचा गिलावा केला, तोही मे महिन्यात, घाईत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि इथे जूनमध्ये नैर्ऋत्येचा पाऊस आडवा येतो तो नेमका त्याच भिंतीवर. ऑगस्टपर्यंत दुसऱ्या मजल्याजवळचा पट्टा पापुद्र्यासारखा सुटला, आत हिरवी बुरशी. आमच्या खर्चाने परत केला, यावेळी दिवाळीनंतर.

दोन वर्षांनी पार्टनर म्हणाला मासिकाला मुलुंड पाठवूया. मी हसले. रंग उडालेली बिल्डिंग, खिडक्यांना बॉक्स ग्रिल, त्यात कुंड्या आणि सायकली, कोण छापणार? तरी बसलो. पहिल्या मसुद्यात मी कांचनजंगाचा उल्लेख घातला होता, पेडर रोडजवळचा चार्ल्स कोरियांचा टॉवर, 1983 चा, ज्यात समुद्राचा देखावा पश्चिमेला पण रणरणतं ऊन आणि पाऊसही तिकडूनच, म्हणून घर आत ओढून समोर दोन मजली उंचीच्या गच्च्या ठेवल्या, जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यासारख्या. आमची बिल्डिंग तिच्यापेक्षा एक वर्षाने धाकटी, नातं तेवढंच. पार्टनरने ती ओळ कापली, बरं केलं.

मासिकाला काय काय लागतं ते आता पाठ झालंय. प्लॅन आणि सेक्शन (म्हणजे बिल्डिंग उभी कापल्यासारखं चित्र) उत्तरेच्या बाणासकट, स्केल पट्टीवर दाखवलेली (1:100 लिहून उपयोग नाही, पानावर छापताना लहान होतं), मालकाची लेखी परवानगी, इंजिनिअर आणि कंत्राटदारापर्यंत सगळ्यांची नावं, फोटोग्राफरने छापायचे हक्क दिल्याचं पत्र. आणि फोटो 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके), म्हणजे पूर्ण ए4 पानाला साधारण 2480 बाय 3508 पिक्सेल. आमच्या इंटर्नने पहिल्यांदा सगळे फोटो व्हॉट्सॅपवर मागवले आणि तेच पाठवले, पोस्टाच्या तिकिटाएवढे छापता आले असते.

त्याच पोराचा सेक्शनमधला घोळ तर भारी. सूर्याचे किरण दाखवताना त्याने कुठल्याशा थंड देशाच्या पुस्तकातून आकृती उचलली, जूनचा दुपारचा सूर्य ऐटीत दक्षिणेला. संपादकांनी लाल गोल करून विचारलं, मुंबईत जूनमध्ये दुपारी सूर्य दक्षिणेला कसा? बरोबरच आहे, आपण 19 अंशांवर, मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो, त्या दोन टोकांना सावली पायाखाली नाहीशी होते. सेक्रेटरी काकांना हे सांगितलं तर म्हणाले, त्यात काय, माझ्या उत्तरेच्या खिडकीत मेमध्ये सकाळी ऊन येतंच की, त्या महिन्यात मी पेपर वाचायची खुर्ची हलवतो. पाच वर्षं शिकून आम्ही हे चुकलो.

मग पाणी. आम्ही दिमाखात लिहिलं होतं की गच्चीवर वर्षाला सहा लाख लिटर पाणी जमा होतं. हिशेब चूक नाही, गच्ची 300 चौरस मीटर, पाऊस 2000 मिलिमीटर धरला, एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. पण टाकी आमची दहा हजार लिटरची! जुलैमधल्या एका 100 मिलिमीटरच्या दिवसात 30 हजार लिटर पडतं, म्हणजे टाकी नाश्त्याच्या आधी भरून पाणी बाहेर. संपादकांनी विचारलं आणि आम्ही वाक्य बदललं, की चार महिने फ्लशला आणि गाड्या धुवायला टाकीतलं पाणी, बाकीचं बोअरच्या खड्ड्यात मुरतं, आणि पाऊस थांबला की थोड्याच दिवसांत टाकी कोरडी.

ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट आहे का, गृह किंवा आयजीबीसी, हेही विचारलं. नाही म्हटलं. चालेल, म्हणाले, वरच्या चार घरांची लाइट बिलं द्या, कामाच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक.

बिलं गोळा करणं हे अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात अवघड काम. महावितरणची बिलं लोक जपून ठेवतात पण दाखवत नाहीत. एका घरात तीन चहा झाल्यावर मिळाली. तीन घरांची एप्रिल-मेची युनिटं खाली आली होती, चौथ्यात वाढली होती, कारण मुलाला घरून काम आणि त्याने नवीन एसी घेतला. मी चौथं घर गाळूया म्हटलं. पार्टनरने ऐकलं नाही, चारही पाठवली, सोबत सुटलेल्या गिलाव्याचा फोटोसुद्धा. तो फोटो त्यांनी अर्ध्या पानावर छापला.

आणखी एक फोटो. फोटोग्राफर गच्चीवर चढला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुरडया घातल्या होत्या, त्याला त्या हलवून हव्या होत्या. काकू म्हणाल्या, अजिबात नाही, आधीच या तुमच्या पांढऱ्या फरशीपायी वाळायला वेळ लागतो, पूर्वी काळ्या गच्चीवर दुपारपर्यंत कडक व्हायच्या, आता संध्याकाळ होते. मी तिथेच वहीत लिहून घेतलं. फोटोखाली तीच ओळ गेली.

सहा पानं आली. काकांनी ती झेरॉक्स करून खालच्या नोटीस बोर्डावर लावली, टाकी धुण्याच्या नोटिशीला खेटून. पुढच्या आठवड्यात गेले तर गच्चीच्या फोटोखाली कुणीतरी बॉलपेनने लिहून ठेवलं होतं, लिफ्टचं काय?