ईमची प्रतिकृती: २२ मिनिटांचा घोळ

मागच्या नोंदीत मी मोठ्या दिमाखात लिहिले होते की, ईम या इंग्लंडमधील गावाच्या माझ्या छोट्या प्रतिकृतीत सेंट लॉरेन्स चर्चची दक्षिण भिंत पूर्ण झाली असून आता फक्त सूर्यघड्याळ बसवायचे राहिले आहे. त्या ‘फक्त’ने तीन आठवडे खाल्ले. २३ मार्चला दुपारी घड्याळ बसले, चालले आणि तीन तासांत चुकीचेही ठरले.

आधी त्या मूळ घड्याळाविषयी थोडे सांगतो. डर्बीशरमधील ईम हे गाव १६६५-६६ च्या प्लेगमुळे ओळखले जाते आणि तिथे जाणारा बहुतेक जण ‘प्लेग कॉटेजेस’ पाहून परततो. चर्चच्या दक्षिण भिंतीवर १७७५ चे जे सूर्यघड्याळ आहे, ते मात्र माझ्या मते इंग्लंडमधील खेडेगावांत सहसा न आढळणारे गणिती काम आहे. त्यावर केवळ तासांच्या रेषा नाहीत. सूर्याची महिनावार क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) दाखवणाऱ्या वक्ररेषा, माध्यान्हीच्या उन्नतांशाची (क्षितिजापासूनच्या उंचीची) पट्टी, दिशा आणि निरनिराळ्या ठिकाणांच्या याम्योत्तर (उत्तर-दक्षिण) रेषाही आहेत. १:७६ प्रमाणात हे सगळे कोरणे अशक्य असल्यामुळे मी तबकडी प्रमाणापेक्षा किंचित मोठी, म्हणजे २० मिलिमीटर रुंद घेतली आणि तीवर तासांच्या व अर्ध्या तासांच्या रेषा तेवढ्या ठेवल्या. चर्चची भिंतही प्रतिकृतीत नेमकी दक्षिणाभिमुख धरली आहे.

तबकडी ०.३ मिलिमीटर पितळी पत्र्यावर आम्लाने कोरून घेतली. इथे पहिला अपशकुन झाला. नावाच्या पाट्या करणाऱ्या ज्या कारागिराकडे मी काम दिले, त्याने आकडे ‘उलटे’ आहेत असे पाहून ते आपणहून सुलट केले. दक्षिणाभिमुख भिंतीवर सकाळची सावली डावीकडे, म्हणजे पश्चिमेकडे पडते, माध्यान्ही ती सरळ खाली येते आणि दुपारी उजवीकडे सरकते. त्यामुळे अशा घड्याळात तास आपल्या मनगटावरील घड्याळाच्या उलट दिशेने जातात. हे त्याला पटवून देण्यात एक चहा आणि अर्धा तास गेला. दुसरी तबकडी मात्र त्याने इतकी सुबक करून दिली की रेषांची जाडी कुठेही कमी-जास्त नाही. लेझरने कोरलेल्या अॅक्रिलिकपेक्षा आम्लाचे काम या आकाराला सरस ठरते, हे माझे मत आता पक्के झाले आहे.

२३ मार्चला दुपारी बाल्कनीत चर्च ठेवले, उत्तर-दक्षिण रेषा खडूने आखून घेतली आणि वाट पाहत बसलो. पुणे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला असल्यामुळे आपली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३४.६ मिनिटे मागे असते. त्यात त्या दिवशीच्या कालसमीकरणाची (सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतील फरकाची) साडेसहा मिनिटे मिळवली की सूर्याची माध्यान्ह १२ वाजून ४१ मिनिटांनी येते. बरोबर १२:४१ ला सावलीची बारीक काडी बाराच्या रेषेवर येऊन स्थिरावली. २० मिलिमीटरच्या तबकडीवर खऱ्या सूर्याने वेळ सांगितली होती. मी घरात सगळ्यांना बोलावून ती दाखवली आणि छायाचित्रेही काढली.

सूर्याचे तीन वाजले तेव्हा (म्हणजे प्रमाणवेळेच्या ३:४१ ला) सावली तीनच्या रेषेच्या पुष्कळ पुढे जाऊन बसली होती. मोजले तेव्हा ती ३ वाजून २२ मिनिटे दाखवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तीच चूक आरशात पाहावी तशी आली आणि घड्याळाने ८:३८ दाखवले. आदल्या नोंदीनंतर एका जाणत्या मित्राने “अक्षांशाचे काय?” असे विचारले होते आणि मी ते हसण्यावारी नेले होते. त्याची इथे जाहीर माफी मागतो.

चूक कुठे होती, हे आता स्पष्ट आहे, पण माध्यान्हीने मला फसवले. माध्यान्ही सूर्य याम्योत्तर वृत्तावर असतो, त्यामुळे शंकू (सावली पाडणारी काडी) कोणत्याही कोनात असला, तरी तो त्या वृत्ताच्या प्रतलात आहे तोवर सावली सरळ खालीच पडते. कसोटी खरी लागते ती इतर तासांना. ईमचा अक्षांश सुमारे ५३.३° उत्तर आहे, म्हणून तिथल्या दक्षिण भिंतीवरचा शंकू भिंतीशी ३६.७° कोन करतो आणि पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो. पुण्यात उभ्या भिंतीवर तोच शंकू अक्षाला समांतर करायचा तर कोन ७१.५° हवा. रेषांचेही तसेच आहे: एकची रेषा ईममध्ये उभ्या रेषेपासून ९.१° वर येते, पुण्यात ती १४.२° वर आखावी लागेल; तीनची रेषा तिथे ३०.९° वर, इथे ४३.५° वर. मी ईमचे घड्याळ पुण्याच्या सूर्यापुढे उभे करून ते खरे बोलेल अशी अपेक्षा करत होतो. शिवाय मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत पुण्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा त्या काळात ही भिंत ऐन दुपारी सावलीतच राहणार.

पुण्याच्या रेषा आखलेली नवी तबकडी करणे हा सोपा उपाय होता. तो मी दहा मिनिटांत बाद केला. चर्च ईमचे आणि घड्याळ पुण्याचे, हे मला सहन होणारे नाही.

दुसरा उपाय असा की, प्रतिकृतीच कलती करावी. सूर्यघड्याळाला आपण कुठे आहोत याच्याशी देणेघेणे नसते; शंकू अक्षाला समांतर असला की झाले. म्हणजे दोन अक्षांशांतील फरकाइतका, ३४.८° चा उतार उत्तरेकडे द्यायचा. चर्चचा तळ ४० सेंटिमीटर लांब आहे, तेव्हा दक्षिण कड २३ सेंटिमीटर वर उचलावी लागते. जुन्या दिवाळी अंकांचा बरोबर तेवढा गठ्ठा निघाला. २४ मार्चला ३:४१ ला सावली तीनच्या रेषेवर होती. हा आनंद आदल्या दिवशीच्या आनंदापेक्षा मोठा होता, कारण या वेळी तो का झाला हे मला ठाऊक होते. चुन्याच्या भुकटीची पायवाट मात्र घसरून मनोऱ्याच्या पायथ्याशी गोळा झाली आणि अजून न चिकटवलेल्या दोन मेंढ्या बाल्कनीबाहेर गेल्या. त्याच संध्याकाळी मी तळाला लावण्यासाठी पितळी बिजागऱ्या घेऊन आलो.

त्या बिजागऱ्या आता पडून राहतील असे दिसते. कलत्या चर्चकडे पाहताना एक गोष्ट खटकत राहिली की, घड्याळ खरे ठरावे म्हणून सगळे गाव आडवे पाडावे लागते. मग सूर्यच बदलला तर? प्रतिकृती टेबलावर सपाट राहील आणि ईमच्या आकाशात सूर्य जिथे असतो, तिथे दिवा येईल. दिवा जवळ असल्यामुळे किरण पूर्ण समांतर नसतील, हे खरे. पण तबकडी लहान असण्याचा इथे फायदा होतो. एक मीटर अंतरावरच्या दिव्याने तबकडीच्या काठावर जेमतेम ०.६° ची, म्हणजे दोन-अडीच मिनिटांची चूक येते. पहिल्यांदा मी एक मीटर त्रिज्येची प्लायवूडची कमान योजली होती: टेबलाशी ३६.७° कोनात, ४०° चे तीन तुकडे जोडून, दर २६ सेंटिमीटरला एक तास. दोन मीटर लांबीची ही कमान दिवाणखान्यात उभी करण्यास घरातून परवानगी मिळणे कठीण आहे. हे लिहीत असतानाच सुचले की कमानीची गरजच नाही. नऊ, बारा आणि तीन या वेळांसाठी तीन स्थिर एलईडी आणि एक फिरते बटण पुरेसे आहे.

दिवस कोणता धरायचा, हे मी ठरवले आहे: २५ ऑगस्ट, जेव्हा सूर्याची क्रांती सुमारे १०.८° उत्तर असते. ईममध्ये ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेगच्या स्मरणार्थ प्रार्थना होते, आणि धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरिन २५ ऑगस्ट १६६६ ला वारली. तिची कबर याच चर्चच्या आवारात आहे. तेव्हाचे इंग्लंड जुनी ज्यूलियन दिनदर्शिका पाळत होते आणि सूर्य आजच्या ४ सप्टेंबरच्या जागी होता, हा आक्षेप मला ठाऊक आहे; पण आपली प्रतिकृती आजच्या गावाची आहे, हा वाद आपण मागेच मिटवला. १६६६ चे गाव करायचे तर हे घड्याळ काढावे लागेल, १६७० च्या दशकातले ईम हॉल काढावे लागेल, आणि त्या उन्हाळ्यात चर्च बंद ठेवून प्रार्थना कुक्लेट डेल्फच्या उघड्या घळीत होत होती, म्हणून दारालाही कडी लावावी लागेल.

आकडे असे निघाले. बाराचा दिवा तबकडीपासून दक्षिणेला ६९ सेंटिमीटर आणि वर ७५ सेंटिमीटर. तीनचा दिवा दक्षिणेला ४५, पश्चिमेला ७१ आणि वर ५७.५ सेंटिमीटर; नऊचा तसाच पूर्वेला. काल रात्री दिवे मालवून हातातल्या विजेरीने तीनची जागा तपासली. विजेरीच्या भिंगामुळे सावलीच्या कडा पसरल्या, पण तिचा मध्य रेषेवरच होता. भिंग नसलेला ३ मिलिमीटरचा साधा एलईडी लावल्यावर सावली सुईसारखी झाली. बाजारातले पांढरट आवरणाचे एलईडी या कामाला घेऊ नका. ते प्रकाश पसरवतात.

बाकी कामे थोडक्यात. आवारातला आठव्या शतकातला सॅक्सन क्रूस तयार झाला. मुळात त्याच्या खांबाचा वरचा भाग नाहीसा झाला आहे, त्यामुळे माथा खाली सरकल्यासारखा दिसतो आणि तो ठेंगणेपणा जमवायला चार प्रयत्न लागले. स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा सीमेचा दगडही झाला. प्लेगच्या काळात बाहेरच्यांनी अन्न ठेवायचे आणि गावकऱ्यांनी व्हिनेगरने भरलेल्या खळग्यांत नाणी टाकायची, अशी तिथली रीत होती. ते सहा खळगे हातड्रिलने पाडले आणि प्रत्येकात पारदर्शक वॉर्निशचा थेंब सोडला. दिव्याखाली ते थेंब चमकतात. रायली ग्रेव्हजचे गोल दगडी कुंपण सनबोर्डवर आखले आहे. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले तिथे पुरली. त्या थडग्यांचे दगड मी अजून कापायला घेतलेले नाहीत. त्यांच्यासाठी खऱ्या दगडाची भुकटी हवी आहे आणि प्लास्टरवर मला भरवसा नाही.

तीन एलईडींसाठी छतापासून तारा सोडायच्या की मागच्या भिंतीला दांड्या लावायच्या, हे या रविवारी ठरेल. बिजागऱ्या कोणाला हव्या असतील तर कळवा. चार आहेत, न वापरलेल्या.