उसना साधेपणा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी आणि कान व खांदा यांच्या चिमटीत फोन अशा थाटात बसमधून उतरताना माझा स्मार्टफोन निसटला आणि डेक्कनच्या थांब्यावर पालथा पडला. उचलून पाहिला तेव्हा काचेवर कोळ्याचे जाळे उमटले होते. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने तो उलटसुलट करून पाहिला आणि डिस्प्ले बदलावा लागेल, तो बाहेरून मागवावा लागेल, म्हणजे आठ दिवस धरून चाला, असे सांगितले. खरे सांगायचे तर मला फारसे वाईट वाटले नाही. गेली दोन वर्षे मी मित्रमंडळींत ‘आता हे सगळे सोडून साधा बटणांचा फोन घेणार’ असे जाहीर करत आलो होतो, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे जरा आदराने पाहिले गेले होते. असल्या निश्चयाचे पुण्य तो नुसता बोलून दाखवण्यातही बऱ्यापैकी मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष फोन बदलण्याची घाई मला कधी झाली नव्हती. आता मात्र वेळ आपल्या पायांनी चालत आली होती.

घरात एक खण असतो, ज्यात न लिहिणारी पेने, कुठल्या कुलपाच्या ते कोणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या आणि जुने चार्जर गुण्यागोविंदाने नांदत असतात. त्यातून माझा नोकिया ११०० निघाला. २००३ साली आलेला, डोक्यावर टॉर्च असलेला आणि धूळ आत शिरू नये म्हणून एकसंध रबरी कीपॅड बसवलेला हा फोन जगभरात २५ कोटींच्या घरात विकला गेला. आज त्याहून कितीतरी हुशार फोन खिशात असतात, पण तो हातातून पडला तर माणूस आधी फरशीकडे पाहत असे. त्याची बॅटरी खणात नव्हती. शोध घेता ती सासूबाईंच्या हरिपाठ ऐकवणाऱ्या छोट्या रेडिओत सापडली. ‘बीएल-५सी’ हे त्या बॅटरीचे नाव फोनपेक्षा दीर्घायुषी ठरले आहे, कारण तसले स्वस्त रेडिओ आणि स्पीकर अजून तिच्यावरच चालतात. सासूबाईंच्या परवानगीने बॅटरी काढली, नखाएवढे सिमकार्ड जुन्या मोठ्या खाचेत बसावे म्हणून प्लॅस्टिकची चौकट आणली, फोन सुरू केला, ते ओळखीचे दोन हात एकमेकांत गुंफले गेलेले पाहून मन भरून आले, आणि रेंजची एकही काडी उमटली नाही. मी ज्या कंपनीची सेवा घेतो तिचे टू-जी जाळे मुळातच नाही. तिचा सगळा व्यवहार फोर-जीपासून पुढे सुरू होतो. बॅटरी निमूटपणे हरिपाठाला परत गेली आणि मी फोर-जीवर चालणारा, तरीही बटणांचाच, एक नवा फोन विकत आणला. साधेपणासाठी नवी खरेदी करावी लागावी, हा पहिला इशारा मी कानाआड केला.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले हे मान्य केले पाहिजे. सकाळी उठल्यावर फोनवर पाहण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी खिडकीतून पाहिले. बोलणे संपल्यावर लाल बटण दाबताना येणारा तो बारीक ‘टक्’ असा आवाज, संवाद खरोखरच संपल्याची जी खात्री देतो, ती गुळगुळीत काचेवर बोट टेकवून मिळत नाही. चार्जिंगची आठवण चौथ्या दिवशी झाली. गॅसचा सिलिंडर मिस्ड कॉल देऊन नोंदवता आला आणि बँकेचा ओटीपी एसएमएसने आला, तेव्हा आपले काहीच अडत नाही असा समज मी करून घेतला. मिस्ड कॉलवरून तर जुने दिवसच आठवले. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत असत, तो नियम २००३ मध्ये गेला. तरी त्यानंतरही कितीतरी वर्षे एक रिंग म्हणजे ‘पोहोचलो’ आणि दोन म्हणजे ‘खाली ये’ अशी आमची फुकटची लिपी चालू होती.

एसएमएस मात्र मी विसरलो होतो. एका मित्राला मराठीत चार ओळी लिहायला बसलो आणि एका संदेशाचे दोन, दोनाचे तीन झाले. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला सात बिट पुरतात म्हणून इंग्रजीची १६० अक्षरे बसतात, पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, त्यामुळे आपल्या वाट्याला ७० येतात. त्यातही यंत्र आपल्यासारखे मोजत नाही. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक जोडाक्षर दिसते. यंत्राच्या लेखी ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा घटक आहेत. कीपॅडवर ते उमटवण्यासाठी किती वेळा बटण दाबले हे मी मोजले नाही, कारण तोवर मित्राला सरळ फोनच लावला होता. तो पाच मिनिटे बोलला, आणि शेवटी विचारले, “व्हॉट्सॲपवर नाहीस का? बरं, मग वहिनींना पाठवतो.”

त्या वाक्याने माझ्या आठ दिवसांचे खरे स्वरूप पहिल्यांदा उघड केले. सोसायटीत उद्या पाणी येणार नाही हे मला कळत होते, पण ते पत्नीच्या फोनवर येत होते. शाळेतल्या वर्गमित्रांच्या स्नेहमेळाव्यात जेवायला कोण कोण आहे ही यादी तिला येत होती, आणि माझे नाव त्यात कोणत्या रकान्यात घालायचे हेही तिलाच विचारले जात होते. भाजी घेताना माझ्याजवळ सुटे नसत. दुकानांतून आणि हातगाड्यांवरून सुटे पैसे किती कमी झाले आहेत हे रोख देऊ लागल्याशिवाय कळत नाही. पूर्वी दोन रुपयांऐवजी निदान लिमलेटची गोळी मिळायची, आता दुकानदार गल्ल्याकडे न पाहता क्यूआर कोडकडे बोट दाखवतो. साध्या फोनवरूनही पैसे देता येतात, त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या मार्चमध्ये ‘यूपीआय १२३ पे’ सुरू केले आहे, हे मला ठाऊक होते. पण मागे चार माणसे ताटकळत असताना यंत्राच्या आवाजाने सांगितलेले आकडे एकेक करून दाबण्याचा धीर मला झाला नाही. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “राहू द्या काका, ताईंना सांगा, त्या टाकतील.” ताईंनी टाकले. रात्री पत्नीने हिशेब सांगितला आणि अगदी शांतपणे विचारले, “अहो, तुमचा हा संन्यास अजून किती दिवस मी चालवायचा आहे?”

उत्तर सोपे नव्हते. मी स्मार्टफोन सोडला नव्हता. मी तो दुसऱ्याच्या हातात देऊन स्वतःचे हात मोकळे केले होते. जुन्या घरांतून एखादे वडीलधारे गृहस्थ पैशाला शिवत नसत आणि त्याचा त्यांना अभिमान असे. बाजारहाट, दूधवाला, धोबी यांचे हिशेब अर्थातच घरातले कोणीतरी सांभाळत असे. माझे वैराग्य त्याच जातकुळीचे होते. साधा फोन की स्मार्टफोन या विषयावर आपण बोलतो तेव्हा एकट्या माणसाची आवडनिवड असल्यासारखे बोलतो, पण एका घरात चार माणसांपैकी तिघांकडे स्मार्टफोन असल्याशिवाय चौथ्याला साधा फोन परवडत नाही, असे माझे आता मत झाले आहे.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होऊ लागला आणि पुढचा दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे, मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे गावाने ठरवले. त्या वेळी मी ती बातमी वाचून ‘वा’ म्हणालो होतो आणि लगेच पाचजणांना पाठवलीही होती, अर्थात फोनवरूनच. तिच्यातली खरी हुशारी मला या आठ दिवसांत कळली. सगळ्यांचेच फोन एकदम बंद झाले की कोणाचा निरोप कोणी घ्यायचा हा प्रश्न उरत नाही. तो साधेपणा वर्गणीचा होता, माझा उसना होता.

नवव्या दिवशी (आठवा दिवस दुरुस्तीवाल्या मुलाने आपल्या अधिकारात वाढवला) फोन परत आला, आणि बटणांचा फोन मी वडूजजवळच्या आमच्या मामांना देऊन टाकायचे ठरवले. मामा ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या जुन्या फोनच्या पाठीला रबर गुंडाळलेले होते, आणि पाचाच्या बटणावरचा आकडा पुसून तिथे नुसता खळगा राहिला होता. तो फोन त्यांना मुख्यतः दोन कामांना लागतो: रात्री रानात जाताना टॉर्च म्हणून आणि विहिरीवरची मोटार चालू करण्यासाठी. शेतीची वीज अनेकदा रात्रीची असते, आणि मोटारीचा खटका दाबायला अंधारात, चिखलात, सापाकिरड्यांतून जावे लागते. त्यावर पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे उपकरण काढले. स्टार्टरला जोडलेल्या त्या पेटीत सिमकार्ड असते. शेतकऱ्याने कोणत्याही साध्या फोनवरून तिला फोन लावायचा, ठरलेले आकडे दाबायचे, आणि वीज आहे की नाही हे आवाजावरून ओळखून मोटार सुरू किंवा बंद करायची. मामांकडे तसलीच एक पेटी आहे. आपण ज्याला साधा फोन म्हणतो तो दीड किलोमीटरवरचे पाणी वाहते करतो. माझा स्मार्टफोन इतके जड काम क्वचितच करतो.

पण मामांचेही एक काम त्या फोनवर होत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करत असे. आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या रानात उभे राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढायचा, जागेचे अक्षांश-रेखांश त्याबरोबर जातात आणि नोंद सातबाऱ्यावर चढते. नोंद राहिली तर नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत अडचण येते. मामांची नोंद दरवर्षी चुलतभावाचा नातू करून देतो, तेही तीनदा निरोप धाडल्यावर. म्हणून मी ओसरीवर बसून, माझ्या ताज्या अनुभवाच्या जोरावर, त्यांना समजावू लागलो की मामा, असे दुसऱ्यावर विसंबून राहणे बरे नाही, मी तुम्हाला एक टचचा फोन घेऊन देतो, दोन दिवस शिकवतो, म्हणजे तुमची नोंद तुम्हीच कराल.

मामांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “बाळू, त्या पोराच्या मोबाइलवर निम्म्या भावकीच्या नोंदी हायत. म्या टचचा घेतला की उद्यापास्नं ती समदी माझ्या दारात. मंग मी माझं रान कवा बघू?”

ते अतिशयोक्ती करत नव्हते. ॲप आले तेव्हा एका मोबाइलवरून वीस खातेदारांची नोंद करण्याची मुभा होती, आणि आमच्या भावकीला मुभा पुरेपूर वापरण्याची सवय आहे. मी जे आठ दिवसांत, पत्नीची बोलणी खाऊन, शिकलो होतो ते मामा केव्हापासून जाणून होते. फरक एवढाच की त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. बदल्यात ते त्या पोराच्या घरी काय पोहोचवतात हे मी विचारले तेव्हा “माळवं, शेंगा, असलं तर दूध,” असे उत्तर मिळाले. मी पत्नीला आठ दिवसांत काय दिले याचा हिशेब तिथे करणे मला सोयीचे नव्हते.

बटणांचा फोन मात्र त्यांनी लगेच हातात घेतला. टॉर्च दोनदा लावून विझवली, तिचा झोत वाशांवर फिरवून पाहिला, स्वतःचे सिम माझ्याकडून घालून घेतले आणि पहिला फोन मोटारीला लावला. आकडे दाबून ते कान देऊन बराच वेळ ऐकत राहिले.

“लाइट न्हाई,” म्हणाले, आणि फोन बंडीच्या खिशात टाकला.