तुम्ही विचारलंत म्हणून: बुद्धिबळात रेटिंगनं ४०० वरच्या खेळाडूसमोर बसून काय मिळतं?

निपाणीत ओळखीचं कुणी भेटलं की हेच विचारतात, बुद्धिबळाच्या ओपन टुर्नामेंटला जाता, पहिल्याच राउंडला तगडा खेळाडू पुढ्यात येतो, मग हरायला फी कशाला भरता? तर आधी हे सांगतो की ते पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, नशिबानं पडत नाही, स्विस पद्धतीत रेटिंगप्रमाणं, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याप्रमाणं, यादी लावतात, मधोमध दोन भाग करतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याबरोबर, असं लावत जातात. म्हणजे माझ्यासारख्या १५४० वाल्याला वरचाच मिळणार.

बेळगावात समोर हुबळीचा शाळकरी पोरगा आला, १९४०. बरोब्बर ४०० चा फरक. एलो या रेटिंग पद्धतीच्या हिशेबानं असल्या १०० डावांत माझ्या वाट्याला ८ पॉइंट (जिंकलं की एक, बरोबरीला अर्धा), म्हणून २० च्या गुणकानं हरलो तर रेटिंग १.६ नं उतरतं आणि बरोबरी केली तर ८.४ नं चढतं. पण आकड्यांसाठी मी जात नाही.

तीन तास झाले तेव्हा त्याच्याकडं पांढऱ्या घरांतला उंट आणि जी, एच या उभ्या रांगांतली दोन प्यादी (एच म्हणजे पटाची कड), माझ्याकडं नुसता घोडा. बरोबरीचा खेळाडू असता तर कदाचित मी डाव सोडून चहाला गेलो असतो, पण इथं इतका वेळ टिकलोय म्हटल्यावर उठवेना, आणि बसून बसून काका आठवले. तंबाखूच्या वखारीत पुठ्ठ्याच्या पटावर शिकवायचे, कडेचं प्यादं ज्या घरात वजीर होणार ते घर समोरच्याच्या उंटाच्या रंगाचं नसेल तर आपला राजा त्या कोपऱ्यात नेऊन बसव, मग काय करतोय ते करू दे. एचचं प्यादं वजीर होणार ते कोपऱ्याचं घर एच ८ काळं, उंट पांढऱ्यातला! मी घोडा देऊन जीचं प्यादं मारलं.

पोरानं घोडा घेतला नाही लगेच. कपाळाला हात लावून दहा मिनिटं बसला, त्याला कळलं होतं. मग घेतला, प्यादं रेटलं, राजा आणला, मी आपला जी ८, एच ८, जी ८, आणि शेवटी माझ्या राजाला जागाच उरली नाही, शहही नाही, स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "सर, यारु कलिसिद्रु?" कुणी शिकवलं. मी म्हटलं, नम्म काका. मग मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये वखारीचं सगळं सांगत बसलो, पुठ्ठ्याच्या पटासकट, आणि पुढच्या राउंडची पेअरिंग लागली तरी तो ऐकत उभा होता.