चोरपावलांचं चाक

2005 साल. डोंबिवलीतलं आमचं वन रूम किचन. कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि बाबांचा दिवाणही हॉलमध्येच. परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे गेम खेळायचा तो रात्री एकनंतर, मॉनिटरचा उजेड पार उतरवून आणि कानाला हेडफोन लावून. बाबा घोरत असायचे. पंखा कुरकुरत असायचा. या दोन आवाजांच्या आड माझ्या कीबोर्डची खडखड लपून जायची. बाबांचं घोरणं मध्येच थांबलं की माझी बोटं जागच्या जागी गोठायची. पुन्हा सुरू झालं की मीही पुन्हा सुरू.

गंमत अशी की पडद्यावरचा गुप्तहेर सॅम फिशरही त्या वेळी नेमकं हेच करत असायचा. त्याचा 'स्प्लिंटर सेल : केऑस थिअरी' हा लपतछपत खेळायचा गेम त्याच वर्षी आला होता. पडद्याच्या कोपऱ्यात आवाजाचं एक मीटर. त्यात दोन खुणा, एक भोवतालच्या आवाजाची आणि दुसरी सॅमच्या पावलांची. आपली खूण भोवतालच्या खुणेच्या खाली राहिली की पहारेकऱ्याच्या मानेवर श्वास सोडण्याइतकं जवळ गेलं तरी त्याला पत्ता लागत नाही. शेजारी एखादं मशीन घरघरत असेल, तर चार पावलं जरा घाईने टाकलेली खपून जातात. हे कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या हॉलमध्ये मीटर तेवढं नव्हतं.

पण त्या गेममधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मीटर नव्हे, चाक. माऊसचं चाक. बाकीच्या गेममध्ये हे चाक फिरवलं की हातातली बंदूक बदलते. इथे सॅमची चाल बदलायची. एक खटका मागे घेतला की तो सावकाश, आणखी एक घेतला की आणखी सावकाश, आणि शेवटच्या खटक्याला तर असा चालायचा की नुकतंच निजलेलं तान्हं बाळ पाळण्यात आहे आणि खोलीतून बाहेर पडायचंय. 'स्प्लिंटर सेल'च्या 2002 मधल्या पहिल्या भागापासूनच ही सोय होती. मराठीत 'चोरपावलं' असा नेमका शब्द आहे. ती चोरपावलं कुणीतरी उचलून माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली ठेवली होती. किती सावकाश चालायचं हे मी ठरवायचो, आणि चुकलो तर चूकही माझीच. तीन-चार महिन्यांत ते बोट इतकं तयार झालं की फरशी बदलून लोखंडी जाळी आली की डोक्याच्या आधी बोटच चाक मागे घ्यायचं.

मग 2010 च्या एप्रिलमध्ये याच मालिकेतला 'कन्व्हिक्शन' आला. तोवर मी नोकरीला लागलो होतो, पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर तिघे मित्र राहत होतो, आणि गेम चक्क पैसे देऊन विकत घेतला होता. पहिल्याच पहारेकऱ्यामागे मी सवयीने चाक मागे ओढलं. सॅमच्या चालीत काही म्हणता काही फरक पडला नाही. पुन्हा ओढलं. तो आपला वाकून, भराभरा, एखाद्या गुरगुरत्या जनावरासारखा पुढे निघालेला. नुसती चालच बदललेली नव्हती. बेशुद्ध पाडणं गेलं. पडलेल्या माणसाला उचलून अंधारात नेऊन ठेवणं गेलं. अंधारात शिरलं की आख्खा पडदाच कृष्णधवल व्हायचा, म्हणजे आपण किती अंधारात आहोत हे सांगणारं आधीच्या भागांतलं उजेडाचं मीटर बघायला नको. आणि नवीन काय आलं, तर 'मार्क अँड एक्झिक्यूट'. एकाला हाताने आडवा केला की बाकीच्यांवर खुणा करून ठेवायच्या, मग एक बटण. सगळे एकदम खलास. आपण फक्त बघायचं.

त्या फ्लॅटवर या बटणावरून जे भांडण झालं, तसं भाड्यावरूनही झालं नसेल. एक मित्र म्हणे, हा सॅम फिशर नाहीच, हा नाव चोरलेला दुसराच कुणी आहे. दुसरा उलट्या बाजूचा. "पंधरा मिनिटं एका टेबलामागे बसून राहायचं, मग एक गार्ड आडवा करायचा, आणि पुन्हा पंधरा मिनिटं. त्याला तुम्ही गेम म्हणता? आमच्या ऑफिसात याला मीटिंग म्हणतात." त्याचं म्हणणं होतं की सॅम आता मुरलेला गडी आहे, तो भराभरच चालणार, बावीस वर्षांच्या पोरासारखा अंदाज घेत बसणार नाही. हे मला तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. आज ऐकलं तर निम्मं पटतं. कन्व्हिक्शनमधला सॅम शिकाऱ्यासारखा वागतो, आणि कंट्रोल्सही शिकाऱ्याचे आहेत. एवढंच की मला शिकारी व्हायचं नव्हतं. मला चोर व्हायचं होतं. शिकाऱ्याला भीती वाटत नाही, आणि भीती नसेल तर अंधारात बसायचंच कशाला?

2013 मध्ये पुढचा भाग 'ब्लॅकलिस्ट' आला तेव्हा कंपनीने दोन्ही बाजूंना समजावायचा प्रयत्न केला. घोस्ट म्हणजे कुणाला पत्ता न लागू देता, पँथर म्हणजे लपून मारत, असॉल्ट म्हणजे उघड हल्ला, अशा तीन पद्धती. ज्याला जसं खेळायचं तसे गुण. पडलेली माणसं पुन्हा उचलता यायला लागली. सगळ्यात अवघड पातळीवर तर ते एका झटक्यात मारायचं बटणही काढून टाकलेलं. चांगला होता गेम, मी दोनदा संपवला. आमच्या भांडणात मात्र काडीचा फरक पडला नाही. आता वाद असा, की मुळात सॅमचा आवाजच बदललाय. मायकेल आयर्नसाइडऐवजी दुसरा नट. ते बटणांपेक्षा मोठं दुःख होतं, पण तो वेगळा लेख होईल.

माझ्या काकांकडे जुनी बुलेट होती. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तीन खाली. पुढे नव्या बुलेटला गिअर डावीकडे गेला, ब्रेक उजवीकडे आला, जगातल्या बाकीच्या गाड्यांसारखा. काकांनी हौसेने नवी घेतली. पहिल्याच दिवशी चौकातून निघताना दुसरा गिअर टाकायला उजवा पाय सवयीने खाली दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी. मागून रिक्षावाल्याने जे काही म्हटलं ते काकू समोर असताना काका कधी सांगत नाहीत. पण ते चिडले ते रिक्षावाल्यावर नाही. "अरे, गाडी तीच, नाव तेच, आवाजही बऱ्यापैकी तोच, आणि माझाच पाय मला चुकीचा ठरवतो?" नव्या भागाच्या कंट्रोल्सवर तावातावाने बोलणाऱ्या कुठल्याही माणसाला नीट बोलतं केलं, तर शेवटी एवढंच निघतं. पाय चुकीचा ठरतो, बोट चुकीचं ठरतं. ते रट्टे मारून मारून शिकवलेलं असतं, आणि शिकवायला बरीच वर्षं लागलेली असतात.

'थीफ' या चोराच्याच गेमचं 2014 मध्ये असंच झालं. पहिल्या दोन भागांत मनात येईल तिथे उडी मारता यायची आणि लाकूड दिसेल तिथे दोराचा बाण मारून वर चढता यायचं. नव्यात उडी फक्त गेमला वाटेल तिथे, आणि दोराचा बाणही ठरवून दिलेल्या तुळयांवरच. चोराने उडी मारण्याआधी घरमालकाची परवानगी घ्यायची, अशातला प्रकार. यात दुसरी बाजू मला अजून सापडलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही.

पण ज्या गेमच्या बटणांवर खरोखर एखादं पुस्तक लिहिता येईल, तो 'मेटल गिअर सॉलिड 3 : स्नेक ईटर'. 2004 चा, प्लेस्टेशन 2 वरचा, हिदेओ कोजिमांचा. माझ्या हाती तो बऱ्याच उशिरा आला, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या प्लेस्टेशनबरोबर. त्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची बटणं नुसती दाबली की नाही एवढंच ओळखत नसत, किती जोरात दाबली हेही ओळखत. आणि कोजिमांनी या एका गोष्टीतून काय काय काढलं! चौकोनाचं बटण धरलं की पिस्तूल रोखायचं, सोडलं की गोळी सुटायची. गोळी झाडायची नसेल, मन बदललं असेल, तर बटण हळूच, लोण्यातून सुरी काढावी तसं सोडायचं. मग पिस्तूल गुपचूप खाली येई. गोलाच्या बटणाचा प्रकार त्याहून अवघड. पहारेकऱ्याला मागून धरायचं तर गोल दाबून ठेवायचं. आणि जरा जास्त जोराने दाबलं, की गेमचा नायक स्नेक त्याचा गळा चिरतो.

कित्येक पहारेकरी मी असे मारले, मनात नसताना. मला त्यांना नुसतं धरून दोन प्रश्न विचारायचे होते. पण मागून जाताना छाती धडधडत असते, अंगठ्याला घाम असतो, आणि अंगठा नको तेवढा दाबला जातो. हा कंट्रोल्समधला दोष, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला तो त्या गेममधला सगळ्यात खरा भाग वाटतो. घाबरलेल्या माणसाच्या हातात सुरी असली की असंच होत असणार. आणि शेवटी, स्नेकची गुरू द बॉस समोर पडलेली असताना, गोष्ट थांबते आणि तुमच्या बोटाची वाट बघते. शेवटची गोळी स्नेक आपण होऊन झाडत नाही. ज्या बोटाला आख्खा गेमभर हळू सोडायला शिकवलं, त्यालाच आता ते काम. मी ते बटण बराच वेळ दाबलं नव्हतं. उठून पाणी पिऊन आलो होतो.

2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आला आणि त्याच्या कंट्रोलरवरच्या बटणांची ही समज गेली. दाबलं किंवा नाही दाबलं, एवढंच उरलं. त्यामुळे 2025 च्या ऑगस्टमध्ये याच गेमचा नवा अवतार 'डेल्टा' आला, तेव्हा जुनं सगळं जसंच्या तसं येणं शक्यच नव्हतं. गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीने हुशारी केली. सुरुवातीलाच दोन पर्याय ठेवले, 'न्यू स्टाइल' आणि 'लेगसी स्टाइल'. नव्यात कॅमेरा स्नेकच्या खांद्यामागे, वाकून चालायची सोय, आजच्या कुठल्याही गेमसारखं. जुन्यात कॅमेरा वरून, 2004 सारखा. नावातल्या त्या त्रिकोणी डेल्टाचा अर्थही त्यांनी असाच सांगितला होता, ढाचा न मोडता केलेला बदल. आमच्या फ्लॅटवर 2010 मध्ये हे वाक्य कुणी उच्चारलं असतं, तर त्याला चहा करायला पिटाळलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. दहावीतला. गेम त्याच्यासाठी घेतला असं मी बायकोला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी कंट्रोलर माझ्याकडे, आणि मी अर्थातच लेगसी निवडली. माणसाने निष्ठा कुठेतरी दाखवायलाच हवी. भाचा दोन मिनिटं बघत राहिला.

"मामा, हा कॅमेरा वरून का बघतोय? आपण घार आहोत का?"

मी त्याला जुनी तपश्चर्या ऐकवली. मूळ गेममध्ये वाकून चालताच येत नसे. उभं राहा, नाहीतर सरळ सरपटा. चोरपावलांनी चालायचं तर अंगठा स्टिकवरून उचलून शेजारच्या दिशांच्या बटणांवर न्यायचा, तेव्हा कुठे स्नेक पाऊल दाबून टाकणार. भाच्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण असं का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. मी ते देत असतानाच झाडामागून एकाने मला पाहिलं.

वीस मिनिटांत मी चार वेळा मेलो. पडद्याबाहेर उभ्या असलेल्या, मला न दिसणाऱ्या माणसांनी मारलं. पूर्वी हे चालायचं कसं, तेच आठवेना. मग आठवलं. 2005 च्या शेवटी जपानात 'सब्सिस्टन्स' नावाची सुधारित आवृत्ती आली होती आणि तिच्यात कॅमेरा मोकळा फिरवता यायचा. लॅमिंग्टन रोडवर मला मिळाली होती ती हीच. म्हणजे ज्या अस्सल, जुन्या कंट्रोल्ससाठी मी वर्षानुवर्षं तलवार उपसून उभा आहे, ते मुळात दुरुस्त केलेलेच होते. त्या वेळीही कुणीतरी म्हटलं असेलच की कॅमेरा मोकळा सोडून गेमची मजा घालवली. आज त्या दुरुस्तीलाच सगळे मूळ म्हणतात, आणि त्यात मी आघाडीवर.

भाच्याला हे सांगितलं नाही. 'डोळे थकले' म्हणून कंट्रोलर त्याच्या हातात दिला. त्याने न्यू स्टाइल केली आणि सुरू झाला. भराभर जाईल अशी माझी अपेक्षा होती. या पिढीला धीर नाही हे वाक्य मी ओठांवर तयार ठेवलं होतं. पण पठ्ठ्या गवतात पालथा पडून राहिला. पहारेकरी येऊन गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. भाच्याने स्टिक इतकी हलकी, केसाएवढी पुढे ढकलली की अंगठा हललेला मला दिसला नाही, फक्त पडद्यावरचं गवत हललं. श्वास रोखून धरला होता त्याने. मीही.

रात्री मी हॉलमध्येच आडवा झालो. पाहुणे आले की माझी रवानगी सोफ्यावर असते. साडेबाराच्या सुमाराला डोळ्यांवर उजेड जाणवला. टीव्हीचा, पार उतरवलेला. जमिनीवर भाचा पाठमोरा, कानात काहीतरी घातलेलं, आणि बटणांची बारीक टिकटिक. दिवाळीनंतर त्याची सराव परीक्षा होती आणि ताईने मला दोनदा बजावून सांगितलं होतं. मी कूस बदलली, सोफा करकरला.

टिकटिक थांबली.

पंखा बंद होता. बाहेर फटाकेही थांबलेले. आख्ख्या घरात आवाज म्हणून नव्हता. अंधारात पोराचे खांदे ताठ झालेले दिसत होते. मी डोळे मिटले, तोंड किंचित उघडलं आणि घोरायला लागलो. सुरुवातीला जरा खोटं वाटलं असेल, मग लय सापडली.

थोड्या वेळाने टिकटिक पुन्हा सुरू झाली.