चारही स्पीकर गप्प, डिस्प्ले मात्र चालू: मामाच्या गाडीचा स्टिरिओ, आत्तापर्यंतचं काम

चिपळूणच्या मामाच्या जुन्या हॅचबॅकमधला स्टिरिओ ऐन पावसाळ्यात मुका झाला होता, त्याचं काम आता बरंच पुढे गेलंय म्हणून इथपर्यंतचं सगळं लिहून ठेवते. डबल डिन (म्हणजे दुप्पट उंचीचं) युनिट, मागे आयएसओ सॉकेट (वायरींचा ठरलेल्या मापाचा जोड), वेगळा ॲम्प्लिफायर नाही, चार दारांत चार स्पीकर. डिस्प्ले लागतो, गाण्याचे सेकंद पळतात, व्हॉल्यूमचा आकडा चढतो आणि आवाज काहीच नाही, एफएम लावा, पेनड्राइव्ह लावा, ब्लूटूथ लावा, सगळीकडे तेच. एका दुकानात दाखवलं तर बघता बघता निकाल, आतली आयसी (स्पीकर चालवणारी ॲम्प्लिफायरची चिप) गेली, नवा बसवा.

मामाने मात्र सहज बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. "दार उघडं असलं की मधेच वाजतो गो, लावलं की परत बंद." ज्याला ह्या कामाची आवड आहे त्याने असं वाक्य लगेच वहीत लिहून ठेवावं, कारण आयसी जळाली असेल तर तिला दाराशी काय देणंघेणं.

तरी क्रम सोडला नाही. म्यूट, फेडर (पुढे-मागे आवाजाची वाटणी), बॅलन्स (डावी-उजवी वाटणी), रीसेटचं बारीक भोक, हे सगळं उरकलं, काही फरक नाही. मग युनिट बाहेर ओढलं आणि सप्लाय बघितला. पॉवरच्या सॉकेटमध्ये ४ नंबरला कायमचा बॅटरी सप्लाय, ७ ला चावीचा, ८ ला अर्थ (गाडीच्या बॉडीला जाणारा मायनस), आणि बाहेरून घेतलेल्या हार्नेसवर (वायरींच्या तयार जुडग्यावर) ह्याच वायरी पिवळी, लाल आणि काळी. डिस्प्ले लागतोय म्हणजे सप्लाय ठीक असं बरेच जण धरून चालतात, ते मला पटत नाही, कारण डिस्प्लेला करंट लागतो थोडासा आणि खराब झालेला फ्यूज होल्डर किंवा सैल पिन तेवढं आरामात पुरवते, खरी ओढ आवाज वाढवल्यावर लागते. म्हणून पिवळी आणि काळीच्या मध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला, तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास खेचतो. बल्बशिवाय १२.५ व्होल्ट, बल्ब लावून १२.४. म्हणजे पिवळी वायर चांगली आणि अर्थही चांगला. हार्नेसमध्ये फोन म्यूटची एक तपकिरी वायर असते बघा, ती कुठे बॉडीला टेकली तर युनिट गप्प बसतं, इथे ती मोकळी लोंबत होती, तिला टेप गुंडाळून बाजूला केलं.

आता मुख्य भाग. स्पीकरचं सॉकेट पूर्ण काढलं आणि घरातला एक सुटा ४ ओहमचा स्पीकर युनिटच्या डाव्या पुढच्या चॅनलला (एका स्पीकरसाठीच्या आउटपुटला), म्हणजे पांढरी आणि पांढरी-काळी जोडीला, सीटवर ठेवून लावला. चावी फिरवली आणि आकाशवाणी रत्नागिरी खणखणीत लागलं, मामा अंगणातून धावत आला! बाकीचे तीन चॅनल पण एकेक करून वाजवून बघितले, चारही ठणठणीत. म्हणजे युनिट चांगलंय, दोष गाडीत आहे.

मग मल्टीमीटर. प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजला, ३.५ ते ३.७ ओहम, चारही जोड्या अगदी ठीक (४ ओहमचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दाखवतो, तो बरोबरच आहे). बहुतेक जण इथे थांबतात आणि स्पीकर ठीक, वायरिंग ठीक म्हणून परत युनिटवर संशय घेतात. माझं सांगणं एवढंच आहे की इथे थांबू नका, प्रत्येक वायर बॉडीशी पण मोजा, आणि दार उघडून एकदा, लावून एकदा. उजव्या पुढच्या दाराची, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूची जोडी दार उघडं असताना बॉडीशी ओपन, काहीच नाही. प्रोब तसेच धरून मामाला दार लावायला सांगितलं आणि मीटर ओरडायला लागला, ०.८ ओहम!

एका दाराच्या एका वायरीने चारही स्पीकर बंद का पडतात हे ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी. हल्लीच्या युनिटमध्ये चारही चॅनल ब्रिज असतात, म्हणजे स्पीकरच्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरींना ॲम्प्लिफायर चालवतो, मायनस म्हणजे अर्थ असं नसतंच. दोन्ही वायरी बॅटरीच्या निम्म्यावर, साधारण ६ व्होल्टवर बसलेल्या असतात. त्यामुळे दोन टोकांमध्ये डीसी मोजलं तर जवळजवळ शून्य, पण कुठलंही एक टोक बॉडीशी मोजलं तर सहाच्या आसपास. आता त्यातली एक वायर पत्र्याला टेकली की तो सरळ शॉर्ट, आणि बऱ्याच युनिटमध्ये एका चॅनलवर असं काही दिसलं की स्वतःला वाचवायला चारही चॅनल बंद केले जातात. म्हणूनच वायर वाचवायला चारही मायनस एकत्र करून बॉडीला जोडतात ना काही ठिकाणी, ते बघितलं की जीव तुटतो, जुन्या टेपला ते चालायचं, ह्या आयसीला नाही.

खात्री करायला युनिटचं वरचं झाकण काढलं. आत टीडीए ७३८८, २५ पिनांची उभी आयसी, हीटसिंकला चिकटलेली. पिन ४ स्टँडबाय (व्होल्टेज आलं की आयसी जागी), पिन २२ म्यूट (शून्यावर असेल तर आवाज बंद). स्पीकर सॉकेट परत लावून, दार लावून मोजलं तर ४ वर व्होल्टेज आलेलं पण २२ जवळजवळ शून्यावर, म्हणजे आयसी जागी आहे आणि तिला गप्प राहायचा हुकूम मिळालाय. उजव्या पुढच्या दोन वायरी सोडवल्या, युनिट बंद करून चालू केलं, २२ वर व्होल्टेज चढलं आणि उरलेले तिन्ही स्पीकर वाजले. आयसीच्या पायांवर थेट प्रोब टेकवू नका, पाय फार जवळ आहेत, घसरला की चांगली आयसी जायची, त्या पायाकडे जाणारा रेझिस्टर शोधून त्याच्या टोकावर मोजा.

मग बॅटरीचा मायनस काढला आणि दार घेतलं. दार आणि पिलरच्या मध्ये जी घडीची रबरी नळी असते ती पिलरच्या बाजूने सोडवली. आत पाणी. बाकीच्या वायरी मऊ होत्या, स्पीकरच्या एका वायरीचं कव्हर बिजागरीच्या बाजूला, जिथे ती दर वेळी दुमडते तिथेच, नखभर चिरलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं आणि समोर पत्र्याच्या भोकाची उघडी कड. दार लावलं की नळी दबते आणि तांबं नेमकं त्या कडेवर जाऊन बसतं.

तिथल्या तिथे जोड दिला नाही. दुमडणाऱ्या जागी सोल्डर केलं की वायर कडक होते आणि जोडाच्या शेजारीच तुटते. बारीक तारांची नवी जोडी दाराच्या आतून थेट डॅशबोर्डखालच्या पॅनलपर्यंत ओढली, दोन्ही टोकांचे जोड न हलणाऱ्या जागी, एकमेकांपासून थोडे मागेपुढे, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि पत्र्याच्या कडेवर रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी). दाराच्या पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद खालून फाटला होता, तो ब्युटाइल टेपने परत चिकटवला. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली होती ती तारेने मोकळी केली, कोकणातल्या गाडीला हे दर मे महिन्यात करायलाच हवं.

आता चारही वाजतायत, दार लावून, उघडून, धक्क्यावर पण. राहिलंय ते उजव्या पुढच्या स्पीकरचं, कारण पाण्याने त्याची कड फुगलीय आणि बासला घासल्याचा आवाज येतो. साडेसहा इंची घ्यायचाय, पण काच पूर्ण खाली असताना मॅग्नेटच्या मागे किती जागा उरते ते आधी मोजून घेणार, आणि बसवताना दीड व्होल्टच्या सेलने पोलॅरिटी (प्लस-मायनस कुठलं ते) बघणार, प्लसला प्लस लावल्यावर स्पीकरचा कोन, म्हणजे पडदा, बाहेर यायला हवा. कमी खोलीचे स्पीकर दारात बसवलेल्या कोणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा, बासमध्ये किती फरक पडतो ते ऐकायचंय.