कुंडीतली हळद काढायची कधी? माझा अनुभव

मुंबईत हळद लावणं अवघड नाही. अक्षय्य तृतीयेनंतर, मेच्या मधल्या आठवड्यांत, डोळे फुगलेलं चाळीस-पन्नास ग्रॅमचं बेणं, म्हणजे लावायचा कंद, ग्रो-बॅगेत दोन इंच खाली ठेवलं की पुढचे चार महिने पाऊसच बघून घेतो. माणसाची परीक्षा लागते ती डिसेंबरात. पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागतात, भाजीवाल्याकडे ओली हळद दिसते आणि आपले हात शिवशिवू लागतात. तेव्हा उपटलेली हळद वाया जात नाही, पण ती पावडरीची नसते.

म्हणून मी तारीख ठरवायच्या आधी हळद कशासाठी हवी ते ठरवते. लोणच्यासाठी किंवा दुधात किसून घालायला हवी असेल तर डिसेंबरचा मध्य उत्तम. सात महिन्यांचं हळकुंड रसाळ असतं, धागा कमी, साल नखाने निघते. पावडरीसाठी तेच हळकुंड वाळवलं तर सुरकुतून काडीसारखं होतं, वजन भरत नाही. पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी हवं असेल तर सगळ्यात शेवटी. माझ्याकडे यासाठी वेगवेगळ्या बॅगा ठेवलेल्या असतात. एकाच बॅगेतून तिन्ही गरजा भागवायच्या म्हटलं की मुळं सारखी हलतात आणि उरलेली हळद पोसत नाही.

आता पावडरीची गोष्ट. सेलम जात साडेआठ ते नऊ महिने घेते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले स्वरूपा साधारण साडेआठ महिने, म्हणजे 255 दिवस. दादर-माटुंग्याच्या बाजारातून बेणं आणलं असेल तर जात कुणीच सांगू शकत नाही, तिथे सरळ नऊ महिने धरावेत. 20 मेला लावलेल्या हळदीचे 255 दिवस 30 जानेवारीला भरतात आणि 270 दिवस 14 फेब्रुवारीला. हे दिवस मोजण्यामागे कारण आहे. पहिले पाच महिने झाड पानं आणि फुटवे यांतच खर्च करतं. मग जेठ्या गड्ड्याला, म्हणजे खोडाखालच्या मुख्य कंदाला, हळकुंडं सुटतात, आणि शेवटचे दोन महिने ती फक्त भरत असतात. वरून काहीच घडत नाही असं वाटतं, नेमकं तेव्हाच खाली वजन चढत असतं. त्याच काळात उपटणं म्हणजे पी हळद अन् हो गोरी.

गणपतीच्या सुमारास फूल आलं म्हणजे हळद तयार, असं कुणी कुणी सांगतं. फुलाचा काढणीशी काही संबंध नाही. पातोळ्यांसाठी पानं काढायचीही बेतानेच. एका फुटव्याचं एखादं खालचं जून पान पुरे. कारण ती पानंच पुढे हळकुंड पोसणार असतात.

दिवस हा अंदाज, खरी खूण पाल्यात. पण पाला पिवळा होण्याची कारणं चार असतात आणि त्यातलं एकच आपल्या कामाचं. वयाने वाळणारं झाड खालच्या जुन्या पानांपासून सुरुवात करतं. पिवळेपणा टोकाकडून आणि कडांकडून आत सरकतो, बॅगेतले सगळे फुटवे मागेपुढे पण एकत्र वाळतात, आणि खोड बुंध्याशी कलतं. पानावर लंबगोल तपकिरी ठिपके, त्यांच्या आत वर्तुळं आणि भोवती पिवळं कडं दिसलं तर तो करपा, म्हणजे बुरशीचा रोग. ऑक्टोबर हीटमध्ये पानाच्या मागे बारीक जाळं आणि वर फिकट रवाळ ठिपके दिसले तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड. एकच फुटवा पिवळा, बाकीचे हिरवेगार, असं असेल तर कंदकूज धरून चाला आणि तो फुटवा हलकेच ओढून बघा. कुजलेला फुटवा बुंध्याशी मऊ, तपकिरी होऊन हातात येतो आणि कुबट वास मारतो. पिकलेला फुटवाही सहज सुटतो, पण तो कोरडा असतो, गवताच्या काडीसारखा, वास नसतो. नोव्हेंबरच्या आधी पिवळं पडलेलं झाड पिकलं असं मी कधीच मानत नाही. त्यात कूज दिसली तर मात्र वाट बघू नये. ती बॅग त्याच दिवशी उपटावी, चांगलं ते लोणच्याला वापरावं, माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नये.

मुंबईत आणखी एक गंमत असते. इथे जानेवारीतही कडाक्याची थंडी नसते आणि आपण सकाळी तांब्याभर पाणी घालायची सवय सोडत नाही. त्यामुळे पाला वाळायचं नावच घेत नाही. नऊ महिने होत आले तरी निम्मी पानं हिरवी, हे बाल्कनीत सर्रास दिसतं. दोष जातीचा नसतो, तांब्याचा असतो. शेतकरी काढणीआधी पाणी तोडतो, तसंच इथेही तोडायचं. मी आठ महिने झाले की पाणी दोन दिवसाआड करते, मग आठवड्यातून एकदा, आणि काढणीच्या आधीचे पंधरा ते वीस दिवस पूर्ण बंद. पानांतलं सत्त्व खाली उतरतं, हळकुंडाची साल जून होते आणि माती उपटताना भुगा होऊन झडते. अवकाळी पावसाची चिन्हं असतील तर बॅग छपराखाली ओढून घ्यावी. पंधरा इंची बॅग ओल्या मातीसकट तीसेक किलो भरते, तेव्हा एकट्याने ओढू नये.

दहातली आठ-नऊ पानं वाळली की मी एक हळकुंड बाहेर काढून बघते. बुंध्यापासून चार बोटं दूर, बॅगेच्या कडेने माती उकरायची. हळद आडवी पसरते, त्यामुळे तयार बॅगेच्या कापडाला बाहेरून फुगवटे जाणवतात. एक हळकुंड मोडून घ्यायचं. अंगठा जोरात घासला तरी साल सुटली नाही, टोक पांढरं-पाणीदार न राहता तपकिरी झालेलं असलं आणि मोडलेला भाग आरपार नारिंगी असला तर हळद तयार आहे. गाभा नारिंगी पण सालीलगतचं कडं फिकं लिंबाळ असेल तर अजून दोन-तीन आठवडे थांबते. आंबेहळदीला ही रंगाची परीक्षा लागू नाही. ती शेवटपर्यंत फिकीच असते.

उशीर झाला तर? फेब्रुवारी अखेरपर्यंत फार बिघडत नाही. एप्रिल-मेत उष्मा आणि दमटपणा वाढला की डोळे फुटायला लागतात, आणि कोंब साठवलेलं सत्त्व ओढून घेतात. शिवाय वाळवायला मुंबईत जानेवारी-फेब्रुवारीसारखी हवा पुन्हा मिळत नाही. माझ्या मते काढणीची तारीख ठरवायला हे दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं आहे.

काढणीच्या चार-पाच दिवस आधी पाला मातीलगत विळीने कापते. मग बॅग आडवी करून कापड सोलून काढायचं. खुरप्याने खणलं तर हळकुंडं कापली जातात आणि कापलेल्या जागी बुरशी धरते. मातीचा गड्डा हाताने फोडावा, झटकावा, मुळं चिमटीने तोडावीत. मग वेगळं करणं: जेठा गड्डा, त्याच्या बाजूला फुटलेले बगल गड्डे, हळकुंडं आणि सोरा गड्डा, म्हणजे आपण लावलेलं मूळ बेणं, जे आता काळपट आणि चिपाड झालेलं असतं. बेण्यासाठी जेठे गड्डे निवडायचे, डागविरहित, वजनदार. ते धुवायचे नाहीत, कोरड्या वाळूत, सावलीत, हवेशीर ठेवायचे. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून कुजतात. एका बॅगेतून साधारण अर्धा ते एक किलो ओली हळद निघते.

इथून पुढे दोन-तीन दिवसांत शिजवून व्हायला हवी. कच्ची वाळवली तर चालत नाही का? चालते, पण वाळायला फार वेळ लागतो, रंग सगळीकडे सारखा पसरत नाही आणि पुढे कीड लवकर लागते. मी मोदकपात्रात वाफवते. न सोलता, धुऊन, अंगठ्याएवढी हळकुंडं एका चाळणीत आणि गड्डे दोन तुकडे करून दुसऱ्या खेपेला. हळकुंडांना पाऊण तास, गड्ड्यांना तासभर. कुकरची शिट्टी लावू नये. त्यात बाहेरचा भाग पिठूळ होतो आणि रंग काळपटतो. काडीपेटीची काडी आरपार जाते आणि हळकुंड बोटांत दाबलं की किंचित दबतं, तिथे थांबायचं. कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते. ओट्यावर आधी वर्तमानपत्र घाला, नाहीतर संगमरवर पिवळाच.

वाळवायला गच्ची असेल तर सुती चादरीवर किंवा सुपात एकेरी थर, दहा ते पंधरा दिवस. प्लास्टिकवर पसरली तर खालून घाम धरते. वरून मलमल बांधावी, कारण बांधकामांची धूळ आणि कबुतरं दोन्ही टळत नाहीत. सूर्य मावळायच्या आत घरात आणायची. दक्षिणेकडच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन चांगलं आत येतं. उत्तरेकडच्या घरात चार तासही मिळत नसेल तर वाफवलेल्या हळदीच्या तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या कराव्यात. त्या चार-पाच दिवसांत वाळतात. वास थोडा उडतो, पण बुरशी आलेल्या अख्ख्या हळकुंडापेक्षा बऱ्या.

वाळली कधी म्हणायची, तर हळकुंड मोडताना धातूवर वाजल्यासारखा कट्ट आवाज यावा. नुसतं वाकून तुटलं तर आत ओल आहे. खात्रीचा उपाय वजनाचा: किचन काट्यावर सलग दोन दिवस तेच वजन आलं की झालं. किलोभर ओल्या हळदीची दोनशे ग्रॅमच्या आसपास सुकी उरते. पावडरीचा हिशेब त्यावरूनच करावा. नंतर गोणपाटात गुंडाळून जोरात चोळली की खवले आणि मुळांचे बुडखे निघून जातात.

अख्खं हळकुंड मिक्सरला घालू नका, पातं जाईल. खलबत्त्यात तुरीच्या डाळीएवढे कण करून मग थांबत थांबत फिरवायचं. भांडं गरम झालं की वास जातो. लालबागच्या डंकावर किलोच्या वर माल असेल तरच जावं. थोडक्या हळदीत आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची उतरते. पावडर मलमलीतून चाळून, पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बाटलीत भरायची आणि बाटली बंद कपाटात ठेवायची. उजेडात हळदीचा रंग उडतो. मांडणीवर खिडकीसमोर ठेवलेली बाटली पावसाळ्यापर्यंत फिकी पडलेली दिसते, त्यात काढणी चुकलेली नसते.