एकास चोवीस : आमची वाटचाल

स्पोर्ट्स गाड्यांची एकास चोवीस प्रमाणातील, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या लांबीची मॉडेल्स जोडून ती ग्राहकाच्या पसंतीच्या रंगात रंगवून देण्याचा आमचा व्यवसाय पुण्यात आहे. सुरुवातीची बरीच वर्षे सुरळीत गेली, तेव्हा त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते २०२०पासूनचे.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले. सीमाशुल्काच्या वर्गवारीत खेळणी आणि प्रमाणबद्ध मॉडेल्स ९५०३ या एकाच शीर्षकाखाली मोडतात, त्यामुळे जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीचा, सुटे भाग जोडून मॉडेल बनवण्याचा संच आणि परदेशातून येणारी चावीची मोटार यांना दर सारखाच लागला. पाठोपाठ टाळेबंदी आली. आगाऊ रकमा घेतलेल्या, संच वाटेत अडकलेले आणि जागेचे भाडे मात्र चालू, अशा स्थितीत दुकान बंद करण्याची भाषा घरात सुरू झाली होती.

नेमके तेव्हाच, आमच्याच टेबलावर मास्किंग टेप (न रंगवायचा भाग झाकणारी चिकटपट्टी) लावायला शिकलेल्या एका गृहस्थांनी स्वतंत्र दुकान थाटले. तयार डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेली गाडी आणायची, तिच्यावर स्प्रे कॅनचा हात फिरवायचा आणि हाताने बांधलेली म्हणून आमच्या निम्म्या दरात विकायची, ही त्यांची कला. उघडणाऱ्या दाराभोवतीची जाड फट पाहूनच जाणकाराला डायकास्ट ओळखता येते. पण आमच्या काही जुन्या ग्राहकांनीही ती पाहिली नाही, याचे वैषम्य अजून आहे.

त्या काळात आम्हाला तारले ते कोथरूडच्या एका निवृत्त अभियंत्यांनी. कपाटात वर्षानुवर्षे जपलेले, न उघडलेले संच त्यांनी आमच्याकडे आणून ठेवले आणि “आधी विका, पैशांचे मागाहून बघू,” एवढेच म्हणाले. स्वतःसाठी त्यांनी फेरारी एफ४० मागितली, तीही पिवळी. १९८७ साली आलेली ही गाडी कारखान्यातून लाल रंगातच बाहेर पडत असे, म्हणून आम्ही थोडी कुरकुर केली. त्यातून तामियाच्या त्या संचाची बॉडी लाल प्लास्टिकची. तिच्यावर थेट पिवळा लॅकर (झटपट वाळणारा चकचकीत रंग) मारला तर खालचा लाल रंग वर झिरपून गाडी नारिंगी दिसू लागते. म्हणून करड्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) रुपेरी थर, त्यावर पांढरा आणि मग पिवळा, असा क्रम ठेवला. खऱ्या एफ४०वरचा रंग इतका पातळ असे की त्याखालची कार्बन फायबरची वीण दिसते. मॉडेल जेमतेम १८ सेंटिमीटर लांब, म्हणजे जाड थर तर मुळीच चालत नाही. दारे आणि बॉनेटच्या रेषा प्रायमरपूर्वीच स्क्रायबरने (रेषा कोरण्याच्या टोकदार हत्याराने) खोल करून घ्याव्या लागतात, नाहीतर त्या रंगाखाली बुजतात.

नव्याने या छंदात उतरणाऱ्यांनी विचारले नसले तरी सांगतो. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेन, ०.३ मिलिमीटर नोझलचा घ्यावा, पण त्याहून अधिक लक्ष कंप्रेसरच्या मॉइश्चर ट्रॅपकडे, म्हणजे हवेतला ओलावा अडवणाऱ्या भागाकडे, द्यावे. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर दुधाळ पडतो. तेव्हा रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारे द्रव्य) मिसळलेला थिनर वापरावा किंवा सरळ त्या दिवशी काम करू नये. डिकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रावर) क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, एकदम ओला मारू नये, प्रथम दोन-तीन हलके फवारे मारावेत. पॉलिश करताना कडांवर आधी टेप लावावी, कारण रंग प्रथम उडतो तो कडेवरचाच.

२०२३मध्ये शुल्क ७० टक्के झाले आणि आम्हीही दर वाढवले. अभियंत्यांचे संच विकून झाले, त्यांचे पैसेही चुकते केले. आजही नवा संच आला की पहिला फोन त्यांनाच जातो. त्या दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या, रंगाचे पापुद्रे सुटलेल्या गाड्या आता दुरुस्तीसाठी आमच्याकडे येतात. जुना रंग काढून नव्याने रंगवण्याचा पूर्ण दर आम्ही लावतो, आणि त्यात घासाघीस ऐकून घेत नाही.